स्वच्छ रेकॉर्डिंग

"पंखा ठेवलाय, रिक्षाचा हॉर्नही ठेवलाय," मी अभिमानानं सांगितलं. पुण्यात माझ्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला आलेल्या दोघा कोरियन कलावंतांनी बजावलंच होतं, "अवचित आलेला कुठलाही आवाज पुसू नका. तेही संगीतच."

गायिका गात गात गोष्ट सांगायची. म्हातारा ढोलवादक साथ करताना मध्येच ओरडायचा. तेवढं ओरडणं मी दोन दिवस खपून पुसलं होतं.

ऐकता ऐकता गायिकेचा चेहरा उतरला. "यांच्या हुंकाराशिवाय तीस वर्षांत मी पुढची ओळ म्हटली नाही. आता मी गोष्ट सांगतेय कुणाला?"

मी म्हाताऱ्याकडे बघायचं टाळलं. त्यानं हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले.

"पंख्याचा सूर मात्र छान लागलाय," तो म्हणाला.