घरचं वाक्य

“पाखंडी,” बाई म्हणाल्या. “चला, घरचं वाक्य.”

लाँड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत कामाच्या बायकांचा हा वर्ग भरे. वाफ अशी, की भिंतीवरची पालसुद्धा चाचपडत चाले. बाहेरून द्यायच्या परीक्षेला एक कादंबरी नेमलेली होती. तिच्यातल्या गावात सगळ्यांनी एकाच सुरात प्रार्थना म्हणायची, आणि ज्याचा सूर हलला त्याची रवानगी वेशीबाहेर. लाँड्रीच्या मालकांनी ती आठवड्यापूर्वी उचलून स्वतःच्या कपाटात कोंडली होती. पण बाईंनी तीस वर्षं शाळेत खडू झिजवला होता. कादंबरीतले अवघड शब्द त्यांना तोंडपाठ होते. पुस्तक गेलं तर गेलं, शब्द काय कुणाच्या कपाटात मावतात?

बाईंची पद्धत न्यारी होती. अर्थ घोकायचा नाही. शब्द घ्यायचा आणि आपल्या घरातलं खरं माणूस घालून खरं वाक्य करायचं. वाक्य पोकळ निघालं, की बाकीच्या एका सुरात ओरडत, “शिळं!”

“चहात साखर नको म्हणणारी आमच्या घरात मी एकटीच पाखंडी,” कात्री म्हणाली. तिची जीभ कापडाआधी माणूस कापायची, म्हणून हे नाव.

“ताजं!” सगळ्या म्हणाल्या.

“प्रायश्चित्त.”

घड्या घालणारी मावशी खाकरली. “थोरल्यानं माझा चष्मा फोडला. प्रायश्चित्त म्हणून रोज पेपर वाचून दाखवतो. मेला खेळाचंच पान वाचतो!”

हसण्यानं हँगर हलले, आणि मग एकदम थांबले. दारात मालक उभे होते.

मालक म्हणजे प्रार्थना मंडळाचेही प्रमुख. सकाळी त्यांची प्रार्थना म्हटल्याशिवाय इस्त्रीचं बटण दाबायची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्यांनी ‘शांत’ म्हटलं, की शेजारच्या गल्लीतली घड्याळं टिकटिक गिळत, असं लोक सांगत. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल; घड्याळं फार तर दबकी होत.

“चालू द्या,” चादरींच्या गठ्ठ्यावर बसत ते म्हणाले. “आमची धाकटी सून परीक्षेला बसायचं म्हणते. काय शिकते ते ऐकतो. शब्द सभ्य असले तर बसेल. नाहीतर इस्त्री आहेच.”

इस्त्रीच्या टेबलापाशी बसलेल्या धाकटीनं पदर खोचला. तीन वर्षं ती या परीक्षेसाठी वाफेत डोळे फोडत होती.

“या खोलीत बसेल त्याला वाक्य द्यावं लागतं, मालक,” बाई म्हणाल्या. “तुमचा शब्द, बहिष्कार.”

“त्यात काय!” मालकांनी मिशीवरून बोट फिरवलं. “चांगल्या माणसावर कुणी बहिष्कार घालत नाही.”

“शिळं!”

सवयीनं सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघालं. निघाल्यावर मावशीनं तोंडावर टॉवेल दाबला. तोही गिऱ्हाइकाचा.

“वाक्यात माणूस हवं, मालक,” बाई शांतपणे म्हणाल्या. “घरातलं.”

मालकांचे कान लाल झाले. “बरं. मग आमच्या सूनबाईच देतील. दे गं. काय बोलतेस ते जपून बोल.”

धाकटी उभी राहिली. शिळं वाक्य तिच्या जिभेवर आयतं तयार होतं. कादंबरीतलं कुणी घ्यायचं, वेशीबाहेर घालवायचं, बहिष्कार म्हणायचं आणि खाली बसायचं. सासऱ्यांसमोर तिला आज कुणी ‘शिळं’ म्हटलं नसतं. कात्रीनं तर डोळ्यांनीच खुणावलं, बोलून टाक बाई, सुटशील.

धाकटीनं कात्रीकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे.

“ताईंनी सकाळच्या प्रार्थनेला बसणार नाही म्हटलं, म्हणून मामंजींनी स्वतःच्या लेकीवर बहिष्कार घातला,” ती म्हणाली. “ताईंचं बाळ आता रांगायला लागलंय. आजोबांनी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.”

इस्त्रीतून वाफेचा एक सुस्कारा आला.

मालक उठले. “संपली तुझी परीक्षा.”

“संपली कशी? मंगळवारी आहे.”

“कुणाला विचारून?”

“वाचायला लागले तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं, मामंजी. शिकून झाल्यावर काय विचारायचं?”

“माझ्या छपराखाली माझ्या शब्दाबाहेर…”

“कपाटातलं पुस्तक तुम्ही वाचलंत वाटतं,” कात्री मध्येच म्हणाली. “त्यातला गावाला एका सुरात लावणारा म्हातारा अस्संच बोलतो.”

आता मात्र मावशीचा टॉवेल काही उपयोगाचा राहिला नाही. ती फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळीच खोली. मालकांनी ‘शांत’ म्हटलं. कुणी शांत झालं नाही. भिंतीवरचं घड्याळही निर्लज्जपणे चालतच राहिलं.

ते दारापर्यंत गेले. तिथं थांबले. पाठ फिरवून, चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिले. हसू हळूहळू ओसरलं.

“मुलगा आहे की मुलगी?” त्यांनी दाराला विचारलं.

सगळ्या गावाला ठाऊक असलेली ही गोष्ट होती. मावशीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तशी धाकटीनं तिचा हात दाबला.

“मंगळवारी परीक्षेला जाताना वाटेत ताईंचं घर लागतं,” तिनं इस्त्री उचलली. “यायचं तर आठला तयार राहा, मामंजी. मी थांबणार नाही.”