ट्रॅपमधली चहापूड

"स्वल्प उजेड इकडं," म्हणत दयानंद आडवे होऊन सिंकखाली शिरले. शिवलीलाबाई टॉर्च धरून शेजारी उकिडव्या बसल्या. बंगळुरातल्या बनशंकरीतल्या त्या स्वयंपाकघरात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे असंच चालायचं. आज फक्त दाराशी वरच्या मजल्यावरचे पद्मनाभ हात मागे बांधून उभे होते. त्यांना शिवलीलाबाईंनी निकालाला बोलावलं होतं.

निकाल पद्मनाभांच्याच पद्धतीचा होता. पुण्याहून मुलाकडे राहायला आल्या आल्या त्यांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर एक टिपण टाकलं होतं. ताटं धुण्याआधी कागदानं पुसावीत, उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नये, भोकावर बारीक जाळी बसवावी. दयानंद हे बायकोला लग्नापासून सांगत होते. पण ते पडले पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातले फिटर, आणि सांगताना ओरडायचे. पद्मनाभांनी टिपणाखाली गुलाबाचं फूल लावलं होतं. शिवलीलाबाईंनी ते कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवलं आणि महिनाभर प्रत्येक ताट असं पुसलं, की दयानंदांना शेवटचा घास घाईनं घ्यावा लागे. "अण्णांनी सांगितलंय," त्या म्हणायच्या. 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ, हे दयानंदांना ठाऊक होतं. त्याचा त्यांना फारसा आधार वाटला नाही.

सकाळी त्या पूजेला बसल्या असताना दयानंदांनी ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा तो वाकडा पाइप, गुपचूप उघडून पाहिला होता. आत शीत नाही, तेलाचा थर नाही. चाळीस वर्षं पाइप उघडणाऱ्या माणसाला आनंद व्हायला हवा होता. दयानंदांना तो पाइप परक्याच्या घरातला वाटला. मग ते जिना चढून वर गेले. कचऱ्याची गाडी अजून यायची होती. पद्मनाभांच्या दाराबाहेर ओल्या कचऱ्याची हिरवी बादली होती. तिच्यातून त्यांनी दोन मुठी चहापूड आणली, ट्रॅपमध्ये दाबून भरली आणि नट आवळून टाकला. खाली त्यांच्याकडे कॉफीच व्हायची. त्यामुळे पूड कुणाची, हा प्रश्न आपोआप सुटत होता.

"भांडं सरकव," दयानंद म्हणाले.

काळा गोळा भद्दकन भांड्यात पडला.

"अगं बाई!" शिवलीलाबाई म्हणाल्या.

"चहापूड," दयानंदांनी आतूनच जाहीर केलं. "आपल्याकडं तर कॉफी."

पद्मनाभ वाकले. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "चहापूड? म्हणजे... आमची?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"नाही नाही, आमचीच असणार. सूनबाई गाळणं सिंकमध्येच आपटते. तिला हजारदा सांगितलंय, पण घरात आपलं कोण ऐकतंय हो!"

हे वाक्य दयानंदांना फार ओळखीचं वाटलं. पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"व्हेरी सॉरी, वहिनी. तो कागद काढून टाका फ्रिजवरून." पद्मनाभ गेले. जिन्यावर त्यांची पावलं दोनदा थांबली. मग वरचं दार वाजलं आणि "सुखदा! इकडे ये आधी!" हा त्यांचा आवाज छतातून खाली आला.

शिवलीलाबाई छताकडे बघत ऐकत राहिल्या. मग त्यांनी भांड्यातली चिमूटभर पूड उचलून हुंगली.

"आलं," त्या म्हणाल्या. "वेलदोडा पण आहे."

"असेल."

"महिनाभर पाइपात पडलेल्या पुडीला वेलदोड्याचा वास येतो होय?"

"कालची असेल."

"कालची असू दे, नाहीतर आजची. वरचं पाणी आपल्या ट्रॅपात येतंच कुठं?"

सिंकखाली पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांचा पाइप मागच्या भिंतीवरून सरळ खाली चेंबरला जातो. आपला त्याला बाहेरच्या बाजूनं जोडलाय, उतार देऊन. त्यांचं पाणी उलटं आपल्याकडं चढायचं तर आधी चेंबर तुंबायला पाहिजे." त्या थांबल्या. "चेंबर तुंबलाय?"

"नाही."

"सरी, मग झालं तर."

वर सुखदा काहीतरी बोलत होती. शब्द कळत नव्हते. ती रडकुंडीला आली होती, एवढं कळत होतं.

"वर जा," शिवलीलाबाई म्हणाल्या. "त्या पोरीला फुकट बोलणी बसतायत. काय केलंत ते अण्णांना तुमच्याच तोंडानं सांगा. मी येणार नाही."

"जातो."

"हे लावून जा."

दयानंदांनी ट्रॅप धुतला, पुसला, जागेवर धरला. त्यांनी न सांगताच उजेड आट्यांवर येऊन थांबला. त्यांनी नट आधी हातानं फिरवला, मग पान्यानं. एक फेरा. दुसरा. तिसऱ्याला त्यांनी जरा जास्तच जोर लावला.

"बास," शिवलीलाबाई म्हणाल्या. "अजून आवळलात तर वॉशर फाटतो."

दयानंदांनी पाना थांबवला. मग नट अर्धा आटा सैल केला.