कापलेले दहा टक्के

"पत्रिका ठेव बाजूला. कराचा उतारा दाखव," हणमंतराव म्हणाले.

समोर बसलेल्या ऋतुराजनं कागद पुढे केले. मुलाची पत्रिका पाहणारे सासरे पुष्कळ. हणमंतराव त्याच्या नावावर सरकारात किती कर जमा झालाय ते पाहत. तीस वर्षं आनेकल गावात लोकांचे कराचे रिटर्न भरलेला माणूस तो! माणूस खोटं बोलेल, उतारा नाही, हे त्यांचं ठाम मत. लेकीसाठी आलेली दोन स्थळं त्यांनी याच कागदावर परत पाठवली होती. हे तिसरं मात्र हर्षितानं स्वतः ठरवलेलं. "याला नाही म्हणालात तर पुन्हा स्थळ बघू नका, अण्णा," असं बजावून ती सकाळीच शहरात, महादेवपुऱ्याला कामावर गेली होती.

हणमंतरावांची अट एकच, जावई पगारदार हवा.

"रिफंड किती म्हणालास?"

"एक लाख ऐंशी हजार."

त्यांनी चष्मा वर केला. "पगारदाराला एवढा येतो होय? कंपनी त्याच्या वर्षाचा हिशेब मांडूनच कर कापते. मागे येतात ते चार-दोन हजार. एवढं घबाड परत येतं ते सुटी कामं करून बिलं लावणाऱ्याला. प्रत्येक बिलातून सरसकट दहा टक्के आधीच जातात, मग वर्ष सरल्यावर मागत बसायचं." त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. दहा टक्केच होते. "तू नोकरीत नाहीस."

"नोकरी आहे असं मी कधी म्हणालो, काका? महादेवपुऱ्यात काम करतो, एवढंच म्हणालो."

"अहो, तुम्ही तरी कुठे पगारदार होता?" आतून मथुराबाईंनी टोला हाणला.

"म्हणूनच सांगतोय! तुझ्या बांगड्या किती वेळा गहाण पडल्या, विसरलीस? आपली पोर बघ, एक तारखेला पगार हातात ठेवते. तिनं याच्या बिलांची वाट बघत बसायचं?" बोलताना त्यांना वाईटही वाटत होतं. पोरगा आवडला होता. "नाही जमायचं, बाबा."

"सरी, काका, ठीक आहे." ऋतुराज उठला. "पण माझं एकही बिल कधी थकलं नाही. पैसे देणारी पार्टी भक्कम आहे. नाव तरी बघा."

हणमंतरावांनी नाइलाजानं पान मागे उलटलं. कर कापणाऱ्याच्या रकान्यात कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, हर्षिता हणमंतराव गायकवाड.