ताटलीत टाकलेलं नाणं

तिसऱ्या रविवारीही नवऱ्यानं ते नाणं भिंगाखाली धरलं, दिव्याच्या उजेडात जरा कलतं केलं आणि बिनकामाच्या नाण्यांच्या ताटलीत टाकून दिलं. शेजारी मटार सोलत बसलेली बायको ते बघत होती. ते नाणं तिनंच गुंडाळीत घातलं होतं.

नवऱ्याचं हे खूळ जुनं होतं. बँकेतून चालू नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या आणायच्या आणि एकेक नाणं भिंगाखाली घालायचं. नाणी छापायचा ठसा घडवतानाच त्यावरचा मजकूर कधी कधी किंचित सरकून दोनदा उमटतो. मग त्या ठशातून निघालेल्या नाण्यांवर आकडे आणि अक्षरं दुहेरी दिसतात, आणि शौकीन लोक अशा चुकलेल्या, जोडठशाच्या नाण्याला चांगल्या नाण्याच्या शेकडो पट भाव देतात. चुकीला भाव यायची जगात ही एवढी एकच जागा असावी. तपासून झालेली नाणी दुसऱ्याच बँकेत भरायची, म्हणजे तीच पुन्हा पदरात पडत नाहीत. भरायला जायचं काम बायकोचं. या नादात मुलगी लग्न होऊन परगावी गेली, जेवायच्या टेबलावर जेवणं बंद झाली, पण जोडठशाचं एक नाणं काही मिळालं नाही. रविवारी दोघं दोन खोल्यांत असत. बायको भिंगाला सवत म्हणायची. आधी हसून म्हणायची, मग न हसता.

शेवटी तिनंच मनावर घेतलं. नाण्यांच्या दुकानात जाऊन स्वतःच्या पैशांनी जोडठशाचं एक नाणं विकत आणलं. दुकानदारानं बोट ठेवून दाखवल्यावर तिला ते चष्म्याशिवायही दिसलं. गुंडाळीचं टोक उलगडून तिनं नाणं आत सारलं आणि कागद पहिल्यासारखा मुडपून ठेवला. नवऱ्याला एकदाचा आनंद व्हावा, हा हेतू होताच. पण खोटं कशाला बोलायचं, एकदा सापडलं की खूळ सुटेल आणि टेबल मोकळं होईल, हाही होता. त्याचा चेहरा कसा होतो ते बघायला मिळावं म्हणून त्या रविवारी ती मटार घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली. चेहरा होता तसाच राहिला. त्यानं नाणं पाहिलं आणि टाकलं. तिनं ते ताटलीतून शोधून काढलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

आता तिला आनंदाचं काही पडलं नव्हतं. नवरा शाळेची बस चालवायचा. ज्याला नाकाखाली धरलेले दुहेरी आकडे दिसत नाहीत, त्याला रस्त्यात मध्येच धावत आलेलं पोर दिसेल? खालच्या मजल्यावरची चिमुरडी त्याच्याच बसनं जायची, चढताना वर बघून हात हलवायची. बसच्या मालकांना सांगावं तर नवऱ्याची नोकरी जाणार. न सांगावं तर रोज सकाळी त्या हलणाऱ्या हाताकडे बघायचं. तिला भीती वाटत होती, आणि आपल्याच माणसाची भीती वाटते याची लाजही.

"अहो, समोरच्या पाटीवर काय लिहिलंय हो?" तिनं खिडकीबाहेर बघत सहज विचारल्यासारखं विचारलं.

"फाटकासमोर गाड्या लावू नयेत," मान वर न करता तो म्हणाला. "आपण राहायला आलो तेव्हापासून तेच लिहिलंय."

परीक्षा तिथंच आटोपली.

त्यात हल्ली त्याला बोलायचा हुरूप आला होता. एक पोरगं म्हणे दोन्ही बूट डाव्या पायाचे घालून बसमधून उतरलं, आणि दोन्ही उजवे घालून कोण गेलं याचा दुसऱ्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता. तिला हसू फुटलं. मग हसल्याचा राग आला, आणि ती पुन्हा ताटलीकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसली.

चौथ्या रविवारी तिनं नाणं पहिल्याच गुंडाळीत, अगदी वर ठेवलं. आज टाकलं तर फोन करायचा, असं तिनं ठरवलं होतं. नवऱ्यानं गुंडाळी फोडली. नाणं उचललं, भिंगाखाली सावकाश फिरवलं आणि ताटलीत टाकलं.

तिनं मटार बाजूला सारले आणि फोन हातात घेतला.

"कुणाला लावतेस?"

"तुमच्या मालकांना. तुम्हाला दिसत नाही हो." ताटलीतलं नाणं उचलून तिनं त्याच्यासमोर आपटलं. "चार वेळा हातात धरलंत, चार वेळा टाकलंत. उद्या बससमोर पोर आलं म्हणजे?"

नवऱ्यानं भिंग खाली ठेवलं. नाण्याला त्यानं हातही लावला नाही.

"सालातले शेवटचे दोन आकडे दुहेरी आहेत. अक्षरं पण, डावीकडची जास्त. कडेला ओरखडा आहे, तो दुकानदार नाणं ज्या पाकिटात घालून देतात त्याच्या पिनेचा. बँकेतल्या नाण्यावर कुठून येणार तसला ओरखडा? पहिल्याच रविवारी दिसलं मला."

तिनं फोन खाली ठेवला.

"मग टाकलंत कशाला?"

बाजूला सारलेले मटार त्यानं पुन्हा तिच्यासमोर ओढले.

"सापडलं असतं," तो म्हणाला, "तर तू उठून गेली असतीस."