शेवतीचे वळण

राघो ठाकुरांचा धर्मा, धर्माचा कमळाजी आणि कमळाजींची लेक द्वारकाबाई. राघोंनी दुष्काळात बांध घालून शेवती नदीचे वळण तोडले आणि तेथे भात पिकवला. "चार पावसाळ्यांपुरतं उसनं घेतो," असे ते नारळ वाहून म्हणाले होते. परत मात्र कोणीच केले नाही.

नद्यांना वाचा आणि हक्क मिळून आता वीस वर्षे झाली होती. नदीचे बोलणे ऐकवणाऱ्या बांधावरच्या खांबातून शेवती म्हणाली, "द्वारकाबाई, जिताडा माशांच्या पिलांना वाढायला उथळ पाणी उरलं नाही. वळण द्याल का?"

"कोर्टात गेली असतीस तर केव्हाच मिळालं असतं."

"शेजारणीवर दावा लावू? तुमच्या तांदळाचं धुवण पिते मी."

"फार शहाणी झालीस!"

घराचा वर्षाचा भात त्याच शेतात पिके. द्वारकाबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिले आणि कुदळ उचलली. बांध फुटला, भरतीचे पाणी जुन्या वाटेने आत शिरले.

"पुरे, बाई. माझं एवढंच होतं."

"उसनं सपाट मापानं फेडायची आमच्या घरची रीत नाही," असे म्हणून द्वारकाबाईंनी शेजारच्या आपल्या तळ्याचा बांधही फोडला.