अनुस्वार बसेपर्यंत

"अजून मऊ करा," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून त्यांनी पर्समध्ये ठेवला.

मिस्त्रीने तोंडावरची धूळ पुसली. लाल स्पोर्ट्स कार नुकतीच गावाबाहेरच्या उखडलेल्या रस्त्यावरून फेरी मारून आली होती. चालवायला बाईंचा मुलगा, शेजारी बाई, त्यांच्या मांडीवर उघडी जाडजूड वही. मागे बसायला गाडीत जागाच नव्हती, म्हणून मिस्त्री स्कूटरवरून धूळ खात मागे मागे आला होता.

नवे शॉकअप त्याने कालच बसवले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर एक चकती होती. एका अंगाने टिक टिक फिरवली की गाडी कडक, दुसऱ्या अंगाने फिरवली की मऊ. मिस्त्रीचा विश्वास कडकवर होता. कडक गाडी वळणावर घोरपडीसारखी रस्ता धरते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

रविवारी डोंगररस्त्यावरची शर्यत होती. मिस्त्रीच्या हातची एकही गाडी अकरा वर्षांत पहिली आली नव्हती. समोरच्या गॅरेजच्या काचेत मात्र चषकांची रांग होती, आणि ते गॅरेज त्याच्याच हाताखाली शिकलेल्याचं होतं. ही लाल गाडी दारात आली त्याच दिवशी मिस्त्रीने आपल्या नावाचे स्टिकर छापून घेतले. ते आता ड्रॉवरमध्ये पडून होते. डुलणाऱ्या सोफ्यावर नाव लावायचं म्हणजे आपल्या हाताने आपलीच शोभा करायची.

त्याने आशेने मुलाकडे पाहिलं.

"आईला पटलं की झालं," मुलगा म्हणाला. "तिला अक्षरं दिसली पाहिजेत."

चालवतो वाघासारखा आणि आईपुढे मांजर, मिस्त्रीच्या मनात आलं. वहीत काय आहे ते त्याने विचारलं नाही. गाडी उभी असतानाही बाई त्यात बघून तीन, पाच, दोन असं काहीतरी पुटपुटायच्या. विणकामाचे टाके असावेत.

आठवडाभर हेच चाललं. मिस्त्री टिक टिक करायचा, स्प्रिंगा बदलायचा, गाडी फेरी मारून यायची आणि बाई निकाल द्यायच्या. मंगळवारी ओळी एकमेकींत घुसत होत्या. बुधवारी काना-मात्रा ठीक झाल्या, पण अनुस्वार अजून नाचत होते. मिस्त्रीने घरी हे सगळं रागारागाने सांगितलं, तर बायको हसत सुटली. तिचं म्हणणं, एका परक्या बाईने चार दिवसांत तुम्हाला मऊ करायला लावलं, मला पंचवीस वर्षांत जमलं नाही.

गॅरेजच्या भिंतीवर एक जुना फोटो होता. धुळीच्या लोटातून एक गाडी चारही चाकं हवेत घेऊन निघाली होती. आत दोन हेल्मेटं, त्यातल्या शेजारच्यावर पांढरा पट्टा. बाई येता-जाता त्यापुढे थांबत. गुरुवारी मिस्त्रीला राहवलं नाही.

"हा चालवणारा माझं दैवत आहे, बाई. पस्तीस वर्षांपूर्वी सलग चार वेळा पहिला. का? तर गाडी दगडासारखी कडक."

"आणि तो शेजारचा?"

"तो काय, वजनाला."

बाईंनी नुसतं 'हं' केलं. मग गाडीच्या मडगार्डावर तळहात दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. गादीच्या दुकानात आल्यासारखं काय करतात, मिस्त्रीला वाटलं.

शुक्रवारी त्या म्हणाल्या, "बसले अनुस्वार."

मिस्त्रीने हसून मान डोलावली. त्याचा बेत ठरला होता.

रविवारी सकाळी शर्यतीच्या जागी मुलगा कागदांवर सह्या करायला गेला, तसं मिस्त्रीने बोनेट उघडलं. पुढच्या दोन्ही चकत्या आठ-आठ टिक कडक केल्या. मग डिकी उघडून मागच्याही. शर्यत संपली की पुन्हा मऊ, कोणाला काय कळतंय. मनासारखं काम झाल्यावर त्याने दारावर स्टिकर चिकटवलं आणि चार पावलं मागे जाऊन ते डोळे भरून पाहिलं.

बाई आल्या. त्यांच्यासाठी मिस्त्रीने सावलीत खुर्ची मांडून ठेवली होती. तिच्यावर त्यांनी पिशवी ठेवली, गाडीपाशी गेल्या आणि मडगार्डावर तळहात दाबला. गाडी जेमतेम हलली.

"कितीने फिरवलं?"

मिस्त्रीने हात फडक्याला पुसले. "आठ. नुसतं शर्यतीपुरतं, बाई. तुम्हाला घरी जाताना पुन्हा मऊ करून देतो."

"आठही परत फिरवा. दहा मिनिटं आहेत."

एवढ्यात मुलगाही येऊन पोचला होता. त्याने आईकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे, आणि गाडीत जाऊन बसला. मिस्त्रीने बोनेट उघडलं. प्रत्येक टिकबरोबर त्याच्या डोळ्यांपुढे समोरच्या गॅरेजच्या काचेतला एकेक चषक येत होता. शेवटी डिकी लावून तो दारापाशी आला आणि नखाने स्टिकरचा कोपरा उचकटू लागला.

"राहू द्या ते," बाई म्हणाल्या.

त्याने वर पाहिलं. बाईंनी पिशवीतून एक हेल्मेट काढलं होतं. जुनं, ओरखडे पडलेलं, मधोमध पांढरा पट्टा. त्यांनी ते डोक्यावर चढवलं, आत सांभाळून चष्मा सरकवला, मुलाच्या शेजारी जाऊन बसल्या आणि वही उघडली.

"सुटल्यावर दोनशे मीटर सरळ. मग डावं वळण, तीन. पुलानंतर उजवं, पाच, आणि खड्डा आहे, आतून कापू नकोस."

मुलगा पाढे ऐकणाऱ्या पोरासारखी मान हलवत होता.

बाईंनी खिडकीतून मिस्त्रीला जवळ बोलावलं.

"याचे बाबाही दर शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडी दगडासारखी कडक करून ठेवायचे," हेल्मेटचा पट्टा आवळत त्या हळूच म्हणाल्या. "मी सकाळी लवकर उठून मऊ करायचे. त्यांना अजून माहीत नाही."