सेवानिवृत्तीचा फ्रिज

आमचे अण्णा फ्रिजच्या कारखान्यात तपासनीस होते. माल युरोपात जायचा. फ्रिज किती वीज खातो, हे तिथे दारावर लेबल लावून सांगावं लागायचं, आणि जास्त खाणारा कुणी घेत नसे. तसला एखादा सापडला की अण्णांचं डोकं फिरायचं. मागच्या पत्र्यावर लाल रंगाने ‘रिजेक्ट’ लिहून ते खाली सही ठोकायचे. असले फ्रिज मोडीत काढतो, असं मॅनेजर सांगायचा.

सत्त्याण्णव साली अण्णा निवृत्त झाले. कंपनीने हार घातला, भाषणं झाली आणि भेट म्हणून खोक्यात बांधलेला नवाकोरा फ्रिज चामराजपेटच्या आमच्या घरी आला. हमालांनी तो भिंतीला टेकवून ठेवला, आईने त्याला हळदकुंकू वाहिलं.

महिन्याभरात आई वैतागली. “अहो, मीटरची चकती भिंगरीसारखी फिरतेय! लाइट जाते तेवढीच काय ती याला विश्रांती.”

अण्णा भडकले. “कुठल्या गाढवाने पास केला हा? माझ्या हाताखाली असता तर कानाखाली वाजवली असती!”

“सरी, बरं अण्णा, आधी बघूया तरी,” म्हणत मी त्यांच्यासोबत फ्रिज पुढे ओढला. मागच्या पत्र्यावर लाल रंगात ‘रिजेक्ट’ लिहिलं होतं. खाली अण्णांचीच सही होती.

आणि त्या सहीखाली, मॅनेजरच्या अक्षरात, निळ्या मार्करने: ‘इंडियासाठी ओके.’